कैरीचा तिखट साल्सा वर्षभर टिकवायचा असेल तर

इंदूरच्या एका गृहिणींनी विचारले आहे की, परदेशात मुलीकडे असताना त्यांनी आंबा आणि मिरचीचा साल्सा, म्हणजे बारीक फोडींची आंबट-तिखट चटणी, खाल्ला, तो घरातल्या सर्वांना आवडेल असे त्यांना वाटते, आणि कैरी-आंब्याच्या हंगामात तो एकदाच करून लहान बरण्यांत भरावा व वर्षभर फळीवर ठेवावा असा त्यांचा विचार आहे. बरण्या उकळत्या पाण्यात किती वेळ ठेवायच्या, व्हिनेगरचा उग्र वास आवडत नसल्याने ते कमी करून चालेल का, तिखट वाढवता येईल का, आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी घातली तर तो लोणच्यासारखा अधिक टिकेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या सगळ्यांची किल्ली त्याच्यात आहे. साल्सा हा लोणच्याचा प्रकार नाही. लोणच्यात मीठ इतके असते की ते फोडींतले पाणी ओढून घेते, कैरीचा आंबटपणा त्याला साथ देतो आणि वरचे तेल बुरशीला हवा मिळू देत नाही. मुरांबा आणि साखरांबा साखरेवर टिकतात. पाक नीट झाला असेल तर त्यात साखरेचे प्रमाण ६५ टक्क्यांच्या पुढे गेलेले असते आणि जंतूंना वापरता येईल असे पाणी त्यात उरतच नाही. साल्सामध्ये यातले काहीच नाही. त्यात भरपूर पाणी आहे, कांदा, लसूण आणि मिरची आहे, आणि मीठ-साखर आहे ती केवळ चवीपुरती. त्याला टिकवणाऱ्या गोष्टी दोनच आहेत, एक म्हणजे मोजून घातलेले आम्ल आणि दुसरी म्हणजे बरणी बंद केल्यानंतर तिला दिलेली उष्णता. यातली एक जरी उणी पडली तरी हवाबंद बरणी सुरक्षित राहत नाही, उलट ती अधिक धोक्याची ठरते.

धोका आहे तो क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचा. तो मातीत असतो, त्यामुळे कांदा-लसणासारख्या जमिनीतून येणाऱ्या जिनसांबरोबर त्याचे बीजाणू घरात येतातच. हे बीजाणू उकळत्या पाण्याने मरत नाहीत. त्यांना वाढायला हवा नसलेली, ओलसर आणि कमी आंबट जागा लागते, आणि नीट न केलेल्या साल्साची बंद बरणी अगदी तशीच जागा असते. तिथे तयार होणारे विष मज्जातंतूंवर परिणाम करते: दृष्टी दुहेरी होते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि पुढे श्वासाचे स्नायूही निकामी होऊ शकतात. ज्या बरणीत हे विष असेल तिचा वास, रंग आणि चव पूर्णपणे नेहमीसारखी असू शकते, म्हणून संशयास्पद बरणीतला पदार्थ बोटाने चाखून पाहण्याची आपली सवय येथे सोडून द्यावी लागते. दिलासा इतकाच की पदार्थाचा पीएच (आंबटपणाचे माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर हे बीजाणू रुजत नाहीत, आणि मग उरलेले यीस्ट, बुरशी व इतर जंतू मारायला उकळते पाणी पुरेसे होते.

आता फोडणीचे पाहा. तेल घातले की लसणाच्या आणि मिरचीच्या तुकड्यांवर त्याचा थर बसतो, व्हिनेगर आतपर्यंत पोचायला अडथळा होतो आणि त्या तुकड्याभोवती हवा नसलेली जागा आयतीच तयार होते. म्हणून हवाबंद करायच्या साल्सात तेलाचा एक थेंबही नको. फोडणी हवी असेल तर बरणी उघडून साल्सा वाडग्यात काढल्यावर खुशाल घालावी.

आंबटपणा किती आहे हे जिभेने ठरवता येत नाही, कारण साखर आंबटपणा झाकते, कमी करत नाही. पूर्ण पिकलेल्या गोड आंब्याचा पीएच ४.६ च्या वरही जाऊ शकतो, टोमॅटोही त्या रेषेच्या आसपास असतो, आणि कांदा, लसूण, ढोबळी मिरची तर सरळ रेषेच्या वर असतात. घरातल्या अंदाजाने कांदा एक वाटी जास्त पडला तर चवीत फरक कळणारही नाही, पण बरणीतला पीएच सरकतो. पीएच मोजायच्या कागदी पट्ट्यांवर विसंबून स्वतःची कृती बसवू नये. त्या पुरेशा अचूक नसतात, आणि रस आंबट दाखवत असला तरी फोडीचा गाभा तितका आंबट झालेला असेलच असे नाही. म्हणून पदार्थ टिकवण्याच्या माझ्या वर्गात मी एकच आग्रह धरते, तो म्हणजे प्रयोगशाळेत तपासलेली कृती घ्यावी आणि तिच्यातले फळ, भाजी व आम्ल यांचे प्रमाण हलवू नये.

अशी एक कृती अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातील ‘नॅशनल सेंटर फॉर होम फूड प्रिझर्व्हेशन’ या केंद्राची आहे आणि ती आपल्याला फार सोयीची आहे, कारण ती पिकल्या आंब्याची नसून कडक, कच्च्या आंब्याची आहे. तिचे प्रमाण असे: सोलून चिरलेली कैरी ६ कप, चिरलेली लाल ढोबळी मिरची दीड कप, बारीक चिरलेला कांदा अर्धा कप, बारीक चिरलेला लसूण २ छोटे चमचे, बारीक चिरलेले आले २ छोटे चमचे, कुटलेली सुकी लाल मिरची अर्धा छोटा चमचा, फिकट तपकिरी साखर १ कप, ५ टक्के आम्लतेचे सायडर व्हिनेगर सव्वा कप आणि पाणी अर्धा कप. यात पाव लिटरच्या सुमारे सहा बरण्या भरतात. कप २४० मिलीचा, मापाचाच घ्यावा, घरची वाटी नव्हे, आणि माप चिरल्यानंतर घ्यावे. इतक्या प्रमाणात कैरी किती लागेल हे तिच्या जातीवर आणि कोयीवर अवलंबून आहे. इंदूरच्या चोइथराम मंडीतून मोठ्या, गराच्या राजापुरी कैऱ्या आणल्या तर किलो-दीड किलोत काम भागावे. कैरी आतून पिवळसर होऊ लागलेली नसावी. आपली कैरी अमेरिकेत मिळणाऱ्या कच्च्या आंब्यापेक्षा बहुधा अधिक आंबट असते, त्यामुळे साखर थोडी जास्त लागेल, आणि साखर वाढवण्यात सुरक्षिततेच्या दृष्टीने काही अडचण नाही. गूळ मात्र घालू नये. गुळाचा रस स्वच्छ करताना अनेकदा चुना वापरला जातो, प्रत्येक भेलीची गोष्ट वेगळी असते, आणि ज्या पदार्थात आम्ल मोजून घालायचे तिथे असा अनिश्चित जिन्नस नको. गुळाची गोडी हवी असेल तर मेथांबा करावा, तो गुळातच शोभतो.

व्हिनेगरबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण परदेशी कृती आपल्याकडे उतरवताना बहुतेक ठिकाणी इथेच घोटाळा होतो. या सगळ्या कृती ५ टक्के ॲसिटिक आम्ल असलेले व्हिनेगर गृहीत धरून बसवलेल्या आहेत. भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के आम्ल असले की ते विकता येते, आणि किराणा दुकानात पांढऱ्या व्हिनेगरची जी स्वस्त बाटली मिळते ती बहुधा ५ टक्क्यांच्या खालीच असते. बाटली हातात घेऊन मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचावीत. ‘ॲसिडिटी’ किंवा ‘ॲसिटिक ॲसिड’ या शब्दापुढे टक्केवारी छापलेली असते. ती छापलेली नसेल तर ती बाटली चायनीज भाताला वापरावी, साल्साला नाही. ५ टक्के लिहिलेले सफरचंदाचे व्हिनेगर मोठ्या दुकानांत मिळते आणि तेच घेणे सर्वांत चांगले. ते मिळालेच नाही तर या विशिष्ट कृतीत एक मार्ग निघतो, कारण तिच्यात व्हिनेगरबरोबर पाणीही आहे. सव्वा कप म्हणजे ३०० मिली व्हिनेगर ५ टक्क्यांचे असेल तर त्यात १५ ग्रॅम आम्ल येते. पाणी अजिबात न घालता तेवढेही व्हिनेगरच घेतले, म्हणजे एकूण ४२० मिली, तर ३.७५ टक्क्यांच्या व्हिनेगरमधूनही पावणेसोळा ग्रॅम आम्ल मिळते आणि एकूण द्रव तेवढाच राहतो. म्हणजे सौम्य व्हिनेगर असेल तर पाणी वगळून त्याच्या जागी व्हिनेगरच घालावे. ज्या कृतीत पाणी नाही तिथे ही युक्ती चालत नाही.

म्हणजे व्हिनेगर कमी करून चालणार नाही, हे उत्तर स्पष्ट आहे. त्याचा उग्रपणा खटकत असेल तर दोन उपाय आहेत, साखर थोडी वाढवणे आणि बरणी तीन-चार आठवडे मुरू देणे. ताज्या साल्सातला तीव्रपणा तेवढ्या वेळात बराच निवतो. व्हिनेगरऐवजी घरी पिळलेल्या लिंबाचा रस घालायची इच्छा मी समजू शकते, परंतु लिंबाची आंबटाई जातीप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलते, उन्हाळ्यातले सुकत आलेले लिंबू आणि पावसाळ्यातले रसरशीत लिंबू सारखे नसते. लिंबू पिळायचेच तर ते वाढताना.

तिखटाच्या बाबतीत आपल्याला पुष्कळ मोकळीक आहे, फक्त ती कुठे आहे हे नीट समजून घ्यावे. ओल्या मिरच्यांचे एकूण माप दीड कप आहे, ते वाढवायचे नाही. पण त्या दीड कपात ढोबळी किती आणि तिखट मिरची किती हे आपण ठरवावे. एक कप ढोबळी आणि अर्धा कप ताजी लाल मिरची असे घेतले तर साल्सा चांगला झणझणीत होतो. सुक्या मसाल्यांचे प्रमाण मात्र हवे तसे बदलता येते, कारण त्यांच्यामुळे आम्लता पातळ होत नाही. निमाडातून, खरगोन जिल्ह्यातल्या बेडियाच्या बाजारातून येणारी सुकी लाल मिरची आपल्या दाराशी उपलब्ध असताना मी तीच जाडसर कुटून घालते. रंगही सुंदर येतो. भाजलेले जिरे, बडीशेप, थोडे मिरे, चवीपुरते मीठ, हेही चालेल. ओली कोथिंबीर आणि पुदिना बरणीत घालू नये, ते शिजून काळवंडतात आणि भाजीचे माप विनाकारण वाढवतात. साल्सा दाट दिसावा म्हणून कॉर्नफ्लोअर तर मुळीच नको, कारण दाट रसातून उष्णता बरणीच्या मध्यापर्यंत वेळेत पोचत नाही.

कैरी धुऊन देठाकडचा चीक पुसून घ्यावा. काहींच्या त्वचेला त्याने चट्टे येतात. मिरची चिरताना हातमोजे घालावेत. कैरीच्या फोडी साधारण सव्वा सेंटिमीटरच्या, एकसारख्या कराव्यात, ढोबळीच्याही तेवढ्याच. सगळे जिन्नस स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र करून मोठ्या आचेवर ढवळत उकळी आणावी आणि साखर विरघळली की आच मंद करून पाच मिनिटे शिजवावे. ॲल्युमिनियमचे किंवा कल्हई गेलेले पितळेचे भांडे आंबट पदार्थाला वापरू नये.

हे शिजत असतानाच बरण्या साबणाने धुऊन गरम पाण्यात ठेवलेल्या असाव्यात, म्हणजे गरम साल्सा ओतल्यावर काच तडकत नाही. बरणी पाव लिटरचीच, जाड काचेची घ्यावी. मोठी बरणी घेतली तर दिलेला वेळ तिला पुरणार नाही. झाकण पत्र्याचे, आतल्या कडेला रबरासारखा मऊ थर असलेले आणि दरवेळी नवे असावे, कारण एकदा वापरलेल्या थरावर जुन्या बरणीच्या काठाचा ठसा उमटलेला असतो आणि तो पुन्हा नीट बसत नाही. चिनी मातीची बरणी लोणच्याला उत्तम, पण या कामाला निरुपयोगी. नरसाळे लावून आधी फोडी भराव्यात, मग वरून गरम रस घालावा, आणि काठापासून सव्वा सेंटिमीटर जागा रिकामी सोडावी. त्यानंतर प्लॅस्टिकची किंवा बांबूची पातळ पट्टी बरणीच्या कडेने खाली घालून हलकेच फिरवावी. फोडींच्या मध्ये अडकलेले हवेचे बुडबुडे काचेलगत वर येताना दिसतात आणि रसाची पातळी थोडी खाली जाते. तेवढा रस पुन्हा घालावा. काठ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसावा, कारण तिथे राहिलेला मिरचीचा एक बारीक तुकडादेखील झाकण बसू देत नाही. झाकण हाताच्या बेताच्या जोराने लावावे.

उकळते पाणी लागते ते खोल पातेल्यात. बर्तन बाजारात मिळणारे, बरणीच्या उंचीपेक्षा निदान दहा सेंटिमीटर खोल पातेले आणि त्याच्या तळाशी ठेवायला एक जाळी, एवढे पुरते. बरण्या तळाला टेकता कामा नयेत आणि झाकणांच्या वर अडीच सेंटिमीटर पाणी असले पाहिजे. पाणी खळखळून उकळू लागले की तेव्हापासून वेळ मोजायचा, बरण्या ठेवल्यापासून नव्हे. मध्येच उकळी बसली तर ती पुन्हा आणून वेळ पहिल्यापासून मोजावा. प्रेशर कुकरमध्ये दोन शिट्ट्या काढून हे काम उरकू नये. घरगुती कुकर लवकर तापतो, लवकर निवतो, आणि त्यासाठी तपासलेला वेळ उपलब्ध नाही.

वेळ किती, या प्रश्नाचे उत्तर इंदूरसाठी वेगळे आहे. मूळ कृतीत १० मिनिटे सांगितली आहेत ती समुद्रसपाटीपासून ३०५ मीटर, म्हणजे १००० फुटांपर्यंतच्या गावांसाठी. त्यापुढे १८३० मीटरपर्यंत १५ मिनिटे लागतात. इंदूर माळव्याच्या पठारावर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांना उकळते, आणि ही दोन अंशांची तूट वेळ वाढवूनच भरून काढावी लागते. म्हणून बडोद्याच्या किंवा ग्वाल्हेरच्या नातेवाइकांनी १० मिनिटे सांगितली तर त्यांचे त्यांच्या गावी बरोबर आहे, आपण मात्र १५ मिनिटेच धरावीत. देवास आणि उज्जैनलाही हाच हिशेब लागू पडतो. १५ मिनिटांच्या उकळीमुळे एक काम वाचते, बरण्या आधी वेगळ्या निर्जंतुक करण्याची गरज राहत नाही. स्वच्छ आणि गरम असल्या की झाले.

गॅस बंद केल्यावर पातेल्याचे झाकण काढून पाच मिनिटे थांबावे आणि मग बरण्या सरळ उभ्या धरून बाहेर काढाव्यात. जाड पंचावर, एकमेकींपासून अंतर ठेवून, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर त्या बारा ते चोवीस तास तशाच राहू द्याव्यात. उलट्या करून ठेवण्याची पद्धत काही घरांत आहे, तिचा उपयोग होत नाही आणि झाकण सुटण्याची भीती मात्र असते. थंड होताना झाकण आत ओढले जाते, पुष्कळदा तसा टक्क आवाज येतो. दुसऱ्या दिवशी झाकणाच्या मध्यावर बोट दाबावे. ते खाली बसलेले आणि न हलणारे असले तर बरणी बंद झाली. दाबल्यावर खाली-वर होत असेल तर ती फ्रीजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवावी.

सोडियम बेंझोएट घातले तर उकळण्याची दगदग टळेल का, असेही वर्गात नेहमी विचारले जाते. जांभळाच्या सरबताला बेंझोएट आणि आंब्याच्या स्क्वॅशला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे आपण वापरतो, परंतु ती द्रव्ये यीस्ट-बुरशीला आवरण्यासाठी असतात आणि पदार्थ पुरेसा आंबट असेल तरच काम करतात. ती आम्लाची जागा घेत नाहीत आणि उकळीचीही नाहीत. वर सांगितल्याप्रमाणे केलेल्या साल्साला त्यांची गरजच पडत नाही.

साठवणुकीत इंदूरचा उन्हाळा आडवा येतो. हवाबंद बरण्या १० ते २१ अंशांत उत्तम राहतात आणि ३५ अंशांच्या वर ठेवू नयेत असा दंडक आहे, आणि आपण साल्सा करणार तो नेमका एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा गच्चीखालच्या खोलीतले कपाट दुपारी त्याहून तापते. तळमजल्यावरच्या, उन्हाची भिंत नसलेल्या खोलीत, सर्वांत खालच्या फळीवर, अंधारात त्या ठेवाव्यात. अशी जागा नसेल तर पावसाळा सुरू होईपर्यंत फ्रीजमध्ये. प्रत्येक बरणीवर तारीख लिहावी आणि वर्षाच्या आत ती वापरावी. झाकण फुगलेले, रस पाझरलेला, उघडताना फसफसून बाहेर आलेला, असे काहीही दिसले तर न चाखता ती बरणी, गाईला किंवा कुत्र्याला न घालता, बांधून टाकून द्यावी.

आता मुलीकडे खाल्लेला साल्सा पिकल्या आंब्याचा असावा असे वर्णनावरून वाटते, आणि ती चव कैरीत मिळणार नाही हे खरे आहे. पिकला आंबा, पपई, कलिंगड, खरबूज, केळी, चिकू यांचा साल्सा घरच्या घरी बरणीत बंद करून फळीवर ठेवायचा नाही. यातली बरीच फळे मुळातच कमी आंबट आहेत. अननस आंबट असला तरी वरच्या कृतीत कैरीच्या जागी तो घालू नये, त्याला त्याची स्वतःची तपासलेली कृती लागते. पिकल्या आंब्याचा साल्सा दोन प्रकारे करावा. ताजा केला तर फ्रीजमध्ये चार-पाच दिवस. साठवायचा असेल तर घट्ट गराच्या, नुकत्याच पिकलेल्या आंब्याच्या फोडी, ढोबळी, लाल मिरची, आले, थोडी साखर आणि भरपूर लिंबाचा रस एकत्र करून एका वेळेला संपेल एवढ्या लहान डब्यांत, वर बोटभर जागा सोडून, फ्रीझरमध्ये ठेवावा. उणे १८ अंशांच्या थंडीत जंतू वाढतच नाहीत, त्यामुळे इथे लिंबू, कांदा, कोथिंबीर सगळे आपल्या मनाप्रमाणे घेता येते, आणि व्हिनेगर आवडत नसेल तर हाच मार्ग मी सुचवेन. फोडी थोड्या मऊ पडतात, म्हणून खाण्याच्या आदल्या रात्री डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवावा, सुटलेला रस निथळून घ्यावा, आणि कच्चा कांदा, कोथिंबीर व वरून चिमूटभर जिरावण (पोह्यांवर भुरभुरतात तो इंदुरी मसाला) वाढण्याच्या वेळीच मिसळावे.